श्वासनलिका-आघात (कोकण किनारपट्टी)

गळ्यावर वा छातीवर मार बसून, कापले जाऊन किंवा भोसकले जाऊन स्वरयंत्राखालच्या श्वासमार्गास होणारी इजा व तिचे उपचार. बोलीत नरडी, संस्कृत वैद्यकात कंठनाडी. प्रौढाची श्वासनलिका १० ते १२ सेंमी. लांब असून तिला कूर्चेची (लवचीक मऊ हाडाची) १६ ते २० अर्धवट कडी असतात. मागची बाजू पडद्याची. बोथट माराने पडणाऱ्या बहुतेक चिरा नलिका दुभंगते त्या जागेपासून २.५ सेंमी.च्या आत असतात.

प्राचीन उल्लेखांविषयी मतभेद आहेत. ऋग्वेदातील (८.१.१२) इंद्रस्तुतीत ‘पुरा जत्रुभ्य आतृदः’ असे शब्द येतात, जत्रूंना छेद जाण्यापूर्वी, बंधनाविनाही सांधा जोडणारा, असा इंद्राचा गौरव आहे. त्यावरून वेदकाळी श्वासनलिका सांधत असत, असे विधान शस्त्रक्रियेच्या इतिहासांत वारंवार आढळते. त्याचा सारा भार ‘जत्रु’ या एका शब्दावर आहे. आजच्या आयुर्वेदात (ऊर्ध्वजत्रुगत रोग) जत्रु म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड. प्राच्यविद्या-पंडित हॉर्नले यांनी १९०७ मध्ये प्राचीन अस्थिगणनेची छाननी करून मूळ अर्थ मानेतील कूर्चा वा कंठनाडी असा लावला; शतपथ ब्राह्मणात मात्र तो बरगड्यांच्या कूर्चांना लागू असावा असे दिसते. हॉर्नले यांचा अर्थ ग्राह्य धरला तरी त्यातून शस्त्रक्रिया सिद्ध होत नाही. हीच ऋचा अथर्ववेदात (१४.२.४७) विवाहसूक्तात, म्हणजे शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या संदर्भात येते, हेही ध्यानात घ्यावे. सुश्रुतसंहितेचा पुरावा अधिक नेमका आहे. शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या चार धमन्या (दोन नीला, दोन मन्या) मर्मे म्हणून दिल्या असून त्यांच्या वेधाने मूकता, स्वरवैकृत (आवाज बिघडणे) व अरसग्राहिता (चव न कळणे) येते असे म्हटले आहे. संहितेचा गाभा इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतला व उपलब्ध संस्करण बरेच नंतरचे, असे सामान्यतः मानतात. यशस्वी श्वासनलिकाछेदाची (श्वासासाठी नलिकेला छेद देण्याची) पहिली स्पष्ट नोंद इटलीतील ब्रासाव्होला यांची (१५४६). तीही गळवासाठी, आघातासाठी नव्हे.

आवाज बसणे, श्वासाला घरघर, खोकल्यातून रक्त आणि कातडीखाली हवा शिरून मान-चेहरा सुजणे (दाबल्यास कुरकुर लागते) ही लक्षणे. कोंडलेली हवा काढण्यासाठी छातीत नळी घातल्यावरही हवेचे बुडबुडे थांबत नसतील तर श्वासनलिका वा श्वसनी (तिची फुप्फुसात जाणारी शाखा) फाटल्याचा संशय घ्यावा. निदान श्वासमार्गात घालायच्या दुर्बिणीने पक्के होते. श्वासासाठीची नळी अंदाजाने आत सारल्यास अर्धवट फाटलेली नलिका पूर्ण तुटू शकते; म्हणून दुर्बिणीतून पाहत, नळीचा फुगा चिरेच्या खाली नेऊन बसवतात. मान उघडी कापली असेल तर जखमेतूनच नळी घालता येते. लहान, स्थिर चिरा काही वेळा टाक्यांविना भरतात. एरवी मृत कडा काढून विरघळणाऱ्या धाग्याने टाके घालतात व ताण पडू नये म्हणून मान काही दिवस पुढे झुकलेली ठेवतात. नलिका पुढे आकसणे हा उशिराचा उपद्रव.

कोकणात मुंबई–गोवा महामार्गावरील अपघात, माड-पोफळीवरून पडणे, वाटेत ताणलेल्या दोरीत दुचाकीस्वाराचा गळा अडकणे असे प्रसंग संभवतात. लांब सुईसारख्या तोंडाचे मासे पाण्याबाहेर झेपावून मानेत घुसल्याच्या घटना इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर घडल्या आहेत. राज्यातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासूनची. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी उत्तरेकडचे रुग्ण मुंबईकडे, सावंतवाडी-दोडामार्गचे गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाकडे, काही घाटावर कोल्हापुरास जातात. कोल्हापूरच्या वाटेवरील घाटमाथ्याचे आंबोली सुमारे ६९० मी. उंच असल्याने छातीत कोंडलेली हवा तिथवर सुमारे ८ टक्के फुगते. एवढी वाढ सहसा जीवघेणी नसते, पण वाटेत तास जातात व गळती चालूच राहते. म्हणून छातीत हवा साठली असल्यास निघण्यापूर्वीच नळी घालतात.