आपोआप जुळणाऱ्या ड्रम ब्रेकचा अडलेला खटका

गाडी जुनी झाली की ब्रेकचे पॅडल खाली जाणारच, अशी समजूत धुळे-जळगाव रस्त्यावरच्या अनेक गॅरेजांत आणि त्याहून अधिक गाडीमालकांच्या मनात पक्की बसलेली आहे. पॅडल खाली गेले की आधी ब्रेक ऑइल भरले जाते, मग तेलात शिरलेली एअर काढली जाते आणि तरीही फरक पडला नाही तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या जोराने तेलावर दाब आणणारा सिलिंडर, बदलला जातो. झिजेमुळे सैल झालेला ब्रेक आपोआप जुळवणारा, पण मागच्या ड्रममध्ये अडून बसलेला छोटा खटका मात्र कोणी उघडून पाहत नाही, कारण तो ‘ऑटो’ आहे, म्हणजे त्याच्याकडे लक्ष देण्याची गरजच नाही, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

ड्रम ब्रेकची मूळ रचना सोपी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांच्यावर लायनर, म्हणजे घर्षण करणारा थर, बसवलेले असते. पॅडल दाबले की तेलाच्या दाबाने व्हील सिलिंडरमधील दट्टे बाहेर सरकतात व शू ड्रमला घासतात. पॅडल सोडले की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. लायनर झिजत जाते तसे शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढते आणि दर वेळी शूला अधिक लांब जावे लागते.

हे वाढलेले अंतर किरकोळ वाटते, परंतु पॅडलपर्यंत पोहोचताना ते अनेक पटींनी मोठे होते. मागच्या दोन चाकांत मिळून चार दट्टे आहेत, प्रत्येकाचा व्यास १७.५ मिलिमीटर आहे आणि मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर आहे, असे धरू. प्रत्येक दट्ट्याला १ मिलिमीटर जास्त सरकावे लागले तर सुमारे ९६० घन मिलिमीटर जादा तेल लागते. दोन्ही मागची चाके एकाच तेलवाहिनीवर असतील तर त्यासाठी मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला जवळपास साडेतीन मिलिमीटर अधिक पुढे जावे लागते. पॅडलची तरफ चार-साडेचार पटींची असल्यामुळे पायाखाली हाच फरक सुमारे १५ मिलिमीटर भरतो. तेल गळलेले नसते, हवा शिरलेली नसते, सिलिंडरही धडधाकट असतो आणि तरीही पॅडल खाली जाते.

हे अंतर आपोआप भरून काढणारी यंत्रणा मला यंत्रशास्त्रातील अत्यंत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते, कारण तिच्यात कोणताही संवेदक किंवा विजेची तार नसताना ती मोजमाप करते. अनेक छोट्या गाड्यांत दोन शूंच्या मध्ये एक आडवी कांडी असते. तिच्या एका टोकाला आटे असून त्यांवर दातेरी चाक बसवलेले असते, आणि त्या दातांत स्प्रिंगने ओढलेल्या तरफेचा खटका अडकलेला असतो. ब्रेक सुटलेला असताना शूंचा भार कांडीवर असतो, म्हणून दातेरी चाक फिरू शकत नाही. ब्रेक दाबला की शू फाकतात, कांडीवरचा भार उतरतो आणि नेमक्या त्याच क्षणी स्प्रिंग तरफेला ओढते. शू फारसे फाकले नाहीत, म्हणजे अंतर योग्य असले, तर तरफेची हालचाल एका दाताहून कमी भरते व खटका त्याच दातात राहतो. अंतर वाढले असेल तर ती हालचाल दाताची मर्यादा ओलांडते, चाक एक दात फिरते आणि कांडी किंचित लांब होते. घड्याळाला चावी देताना जसा एकेक दात पुढे जातो आणि मागे येत नाही, तसेच हे आहे. एका फेऱ्यात आटा १ मिलिमीटर पुढे जातो आणि दाते २० आहेत असे धरले तर दर दाताला कांडी अवघी ०.०५ मिलिमीटर वाढते. काही अमेरिकन गाड्यांत हेच काम गाडी मागे घेताना ब्रेक दाबल्यावर होते, त्यामुळे जो चालक रिव्हर्समध्ये ब्रेक वापरतच नाही त्याचा ब्रेक जुळतही नाही.

दातेरी चाक फिरवणारी स्प्रिंग फार बलवान नसते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. आटे गंजले, पावसाळ्यात शिरलेला काळ्या मातीचा चिखल वाळून लायनरच्या भुकटीबरोबर घट्ट बसला, किंवा दातांच्या कडा झिजून गोल झाल्या, की ती स्प्रिंग हरते. पण त्याहून अधिक वेळा यंत्रणा बंद पाडतो तो हँडब्रेक. हँडब्रेक सैल लागतो म्हणून केबल ताणली जाते. त्यामुळे ड्रममधील हँडब्रेकची तरफ तिच्या मूळ जागी परत येत नाही आणि ज्या हालचालीवरून खटक्याला अंतर कळायचे ती हालचालच केबल खाऊन टाकते. हँडब्रेक तात्पुरता घट्ट वाटतो, शू मात्र झिजत राहतात.

उलटी चूकही घडू शकते. ओतीव लोखंड तापले की फुगते. १८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंश सेल्सिअसने तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटरने वाढतो. कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना खालचा गिअर न वापरता ब्रेकवरच गाडी सांभाळली, तर खटका या फुगलेल्या ड्रमलाच झीज समजून कांडी लांबवण्याची शक्यता असते. मग ड्रम थंड होऊन आकसला की शू घासत राहतात. म्हणून काही रचनांत दोन धातूंची पट्टी बसवून तापलेल्या अवस्थेत खटका रोखून धरलेला असतो. घाटाआधी बोनेटसमोर लिंबू-मिरची बांधणाऱ्याला ही पट्टी दाखवावीशी वाटते, कारण रक्षण करण्याचे काम तीच करत असते.

दोष कोठे आहे हे ड्रम न उघडताही बरेचसे कळते. पॅडल लागोपाठ दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल तर अंतर वाढलेले असण्याची शक्यता मोठी असते. ते स्पंजासारखे लागत असेल तर हवा आहे, आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचे रबर संशयास्पद आहे. सपाट जागी, चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढावा व मग पॅडल दाबावे. ते स्पष्टपणे उंचावर लागले तर मागचे शू सैल आहेत असे समजावे.

ड्रम काढताना झिजलेल्या ड्रमच्या कडेवर शू अडकतात. तेव्हा घण मारण्याऐवजी, ज्या गाडीत सोय असेल तिथे ड्रमच्या मागच्या पत्र्यातील रबरी बुचाच्या छिद्रातून खटका बाजूला धरून दातेरी चाक उलटे फिरवावे. आतली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. दातेरी चाक बोटाने सहज फिरले पाहिजे आणि आट्यांवर उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी थोडे लावावे, कारण लायनरवर त्याचा डागही चालत नाही. डाव्या व उजव्या चाकाच्या कांड्या एकमेकींच्या जागी बसवू नयेत. बहुधा त्यांतील एकीचे आटे उलटे असतात, आणि अदलाबदल झाली तर तोच खटका कांडी वाढवण्याऐवजी आखूड करू लागतो.

जोडणीपूर्वी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करावी, ड्रम बसवून शू हाताने जवळ आणावेत आणि मग आतली टिकटिक थांबेपर्यंत पॅडल पुन्हा पुन्हा दाबावे. चाक मोकळे फिरते याची खात्री झाल्यावर सर्वांत शेवटी केबलला हात लावावा.