परकीय नसल्याचा पुरावा कोणी द्यायचा? : पार्श्वभूमी

नागरिकत्वाचा संशय घेतला गेला, तर आपण परकीय नाही हे संशयितानेच सिद्ध करायचे, हा नियम १९४६च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम ९ मधून आलेला आहे. आसामात परकीयांविरोधी आंदोलन ऐन भरात असताना, १९८३ साली, त्या राज्यापुरता वेगळा कायदा (बेकायदा स्थलांतरित निर्धारण कायदा) करून ही जबाबदारी आरोप करणाऱ्यावर टाकण्यात आली. खाजगी तक्रारदार संशयितापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारा असावा आणि त्याने २५ रुपये शुल्क भरावे, अशी मूळ अट होती. १९८८ मध्ये ती सैल झाली.

१२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. निकालात दोन राज्यांचे आकडे शेजारी मांडले गेले. आसामात एप्रिल २०००पर्यंत ३,१०,७५९ प्रकरणांत चौकशी सुरू होऊन १०,०१५ जण बेकायदा स्थलांतरित ठरले आणि १,४८१ जणांना बाहेर काढता आले. १९४६चाच कायदा लागू असलेल्या पश्चिम बंगालमधून मात्र १९८३ ते १९९८ या काळात ४,८९,०४६ जणांची पाठवणी झाली होती. यावरून कायदाच घुसखोरांची ढाल झाल्याचा निष्कर्ष निघाला. तीन लाखांपैकी बरेच संशय मुळात निराधार असू शकतात, या शक्यतेला त्या मांडणीत फारसे स्थान नव्हते. शिवाय मोठ्या प्रमाणावरील घुसखोरी राज्यांचे रक्षण हे केंद्राचे कर्तव्य ठरवणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५५ मधील ‘बाह्य आक्रमणा’त बसवली गेली, आणि एकदा आक्रमण म्हटले की नागरिक व परकीय दोघांच्याही जीविताला व व्यक्तिस्वातंत्र्याला संरक्षण देणाऱ्या अनुच्छेद २१चा आवाज आपोआप क्षीण होतो. जन्मस्थळ, आईवडिलांचे नागरिकत्व या बाबी ज्याच्या त्यालाच ठाऊक असतात, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. दर पुरात घर हलवणाऱ्या ब्रह्मपुत्रेच्या चरांवरील (नदीपात्रातील वाळूच्या बेटांवरील) निरक्षर कुटुंबाला तो कसा पेलणार, हा प्रश्न उरतोच.

आसामच्या ऑगस्ट २०१९च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून (एनआरसी) १९,०६,६५७ जण वगळले गेले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले की प्रशासनाने आधी संशयाला आधार दाखवावा, त्यानंतरच सिद्धतेचा भार समोरच्यावर येतो. तरीही जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले व नंतर त्यांना परत आणावे लागले. १९४६च्या कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून आलेल्या नव्या स्थलांतर व परकीय नागरिक कायद्यानेही पुराव्याचा भार संशयितावरच ठेवला आहे. नागरिकत्वाचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाची पायरी चढण्याआधीच ज्याला सीमेपार केले जाते, त्याला मात्र २०२४च्या निकालाचा आधार घेण्याची संधीच मिळत नाही.