कशेडी घाटातली फियाट आणि अँबॅसडर

मे महिन्यातल्या दुपारी कशेडी घाट चढताना फियाट आचके द्यायला लागली की पुढे काय होणार, हे मागच्या सीटवरच्या आम्हा पोरांना पाठ होतं. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि भिजवलेलं फडकं टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या छोट्या पंपावर गुंडाळायचं. हा पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. थोड्या वेळाने पंप निवला की गाडी पुन्हा चालू.

त्या काळी मुंबईहून गावी येणाऱ्या मोटारी पाहिल्या तर बहुतेक दोनच जातींच्या. याचं मूळ 1950 च्या दशकातल्या सरकारी धोरणात आहे. सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे थारा उरला नाही, देशात गाडी बनवतील तेच टिकले. पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून 1957 मध्ये अँबॅसडर काढली. मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली. 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, पण कोकणात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

कागदावर अँबॅसडर मोठी: इंजिन 1489 सीसी, ताकद सुमारे 50 अश्वशक्ती. फियाटचं 1089 सीसी, 40 अश्वशक्ती. पण फियाट 900 किलोच्या आत-बाहेर, आणि अँबॅसडर तिच्याहून दोनशेएक किलो जड. वजनाच्या हिशेबात रिकाम्या गाड्यांची ताकद जवळजवळ सारखीच पडते. फरक दिसायचा तो माणसं भरल्यावर. सहा जण, डिकीत तांदूळ, टपावरच्या कॅरियरला बांधलेल्या वळकट्या, एवढं ओझं घेऊन परशुराम घाट चढायचा तर मोठं इंजिन कमी धापा टाकायचं. उतारावर दोघींनाही सारखीच काळजी. जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते तापले की धरत नाहीत. म्हणून जाणता ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा दांडा दुसऱ्या गेअरला ओढून इंजिनाच्याच जोरावर गाडी उतरवायचा.

तरीही चाकरमान्याच्या दारात फियाटच जास्त दिसायची. माझ्या मते याचं उत्तर कुर्ल्यात आहे. कारखाना मुंबईत, टॅक्सी फियाट, त्यामुळे मेकॅनिक आणि सुटे भाग गल्लोगल्ली. जी गाडी मुंबईत सांभाळता येते तीच माणूस गावी आणतो. अँबॅसडर म्हटलं की आम्हाला आधी सरकारी साहेब आठवायचे.

खाऱ्या हवेने मात्र दोघींनाही सोडलं नाही. या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे तळाचा पत्रा सडला की गाडीचा कणाच सडतो. पद्मिनीचं उत्पादन 2001 च्या सुमारास थांबलं, अँबॅसडरचं 2014 मध्ये. आज रत्नागिरी-मालवणकडे अशी एखादी गाडी विकत घ्यायला गेलात, तर इंजिन मागाहून ऐका. आधी पायाखालचं मॅट उचला आणि दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटून बघा. पत्रा खणखणला तर पुढचं बोलणं करावं.