डार्ट लागल्यावर बिबट्या लगेच का पडत नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात बिबट्या दिसला की गर्दी जमते आणि गर्दीतून दोन मागण्या हमखास येतात. आधी ‘गोळी घाला’. मग भुलीच्या औषधाची सुई असलेला डार्ट लागून दोन मिनिटं झाली तरी जनावर चालतंय हे पाहून ‘अजून एक मारा’. 2019च्या जानेवारीत नाशिक शहरात गंगापूर रोडवरच्या सावरकरनगर भागात बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले आणि अखेर वन विभागाने त्याला भूल देऊन नेलं. अशा प्रत्येक वेळी लोकांच्या मनात एकच समज पक्का असतो : बंदुकीतून काहीही सुटून अंगात घुसलं की जनावर जागच्या जागी कोसळतं. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं जखमी होतात, म्हणून त्यामागचं विज्ञान नीट समजून घ्यायला हवं.

आधी गोळीचं बघू. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसाची एक नेहमीची गोळी सुमारे 11.7 ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला साधारण 820 मीटर वेगाने सुटते. तिची ऊर्जा भरते 3,900 ज्यूलच्या आसपास. आकडा मोठा आहे, पण 60 किलोच्या बिबट्याला ही गोळी लागली आणि आतच अडकली, तर संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) हिशेबाने त्याला मागे ढकलणारा वेग मिळतो सेकंदाला अवघे 16 सेंटिमीटर. म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही कमी. सिनेमात गोळी लागताच माणूस हवेत उडून मागे आदळतो, ते भौतिकशास्त्रात बसत नाही.

गोळी काम करते ती आतल्या ऊती फाडून. मेंदूला किंवा मानेच्या मणक्याला लागली तरच जनावर तिथल्या तिथे पडतं. हृदय किंवा फुप्फुसं फुटली, तरी मेंदूत शिल्लक असलेल्या प्राणवायूवर ते दहा-पंधरा सेकंद धावू शकतं. हृदयात गोळी बसलेलं हरीण शंभर मीटर पळून मग पडल्याचं शिकाऱ्यांनी अनेकदा पाहिलं आहे. हरीण निदान लांब पळतं. बिबट्या त्या दहा सेकंदांत कोणाच्या अंगावर जाईल, याची खात्री कोण देणार?

शिकारीच्या गोळीची रचना हा वेगळाच गहन विषय आहे. मऊ शिशाचं टोक असलेली गोळी ओलसर ऊतीत शिरली की दाबाने पुढून पसरते, भूछत्रासारखी होते आणि तिचा व्यास दीडपट-दुप्पट होतो. जखम रुंद होते, पण गोळी लवकर थांबते. फार लवकर पसरली तर ती खांद्याच्या हाडातच संपते. मुळीच पसरली नाही तर बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी अशा पसरणाऱ्या गोळ्या बनवल्या आणि 1899च्या हेग परिषदेत युद्धात त्या वापरायला बंदी आली. शिकारीत मात्र त्याच चालतात, कारण जनावर तडफडत राहू नये. 1946 साली कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस या अजस्र हरणाच्या कातडीपाशीच फुटल्या. त्यातून त्याने मधे धातूचा पडदा असलेली गोळी घडवली. तिचा पुढचा भाग पसरतो आणि मागचा भाग शाबूत राहून खोल जातो. हत्तीसाठी तर न पसरणारी, भरीव गोळीच लागते, नाहीतर कवटीची जाडी पार होत नाही.

याचा नाशिकशी संबंध असा, की पोलिसांच्या रायफलीतली गोळी सहसा पूर्ण धातूच्या आवरणाची असते. बिबट्याच्या सडपातळ अंगातून ती आरपार जाऊ शकते आणि वस्तीत त्या पलीकडे कोणाचं तरी घर असतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही बिबट्याला मारण्याची परवानगी अगदी शेवटी ठेवली आहे : जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं आहे, आणि ते पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नाही, याची मुख्य वन्यजीव रक्षकांना खात्री पटली पाहिजे.

आता डार्ट. गोळीला आपली ऊर्जा शरीरात ओतायची असते, तर डार्टची तीच ऊर्जा कमीत कमी ठेवावी लागते. साधारण 10 ग्रॅमचा डार्ट सेकंदाला 60 मीटरने सुटला तर ऊर्जा होते 18 ज्यूल, गोळीच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी. वेग जास्त झाला तर हाड मोडतं किंवा सुई पोटात शिरते. कमी झाला तर डार्ट कातडीवरून उडतो. म्हणून डार्ट सोडणाऱ्या बंदुकीतला गॅसचा दाब प्रत्येक वेळी अंतरानुसार लावावा लागतो.

वेग कमी ठेवण्याची किंमत नेमबाजाला मोजावी लागते. 25 मीटरवर रायफलीची गोळी अर्धा सेंटिमीटरसुद्धा खाली येत नाही. त्याच अंतरात 60 मीटर वेगाचा डार्ट, हवेचा अडथळा सोडला तरी, सुमारे 85 सेंटिमीटर खाली येतो. 20 मीटरवर हाच आकडा 54. म्हणजे अंतराच्या अंदाजात पाच मीटरची चूक झाली, तर मांडीवर धरलेला नेम 30 सेंटिमीटरने हुकतो. शिवाय डार्ट पोचायला चार दशांश सेकंद लागतात, तेवढ्यात बिबट्या वळलेला असू शकतो. देवळालीच्या तोफखान्यामुळे तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या नाशिककरांना नेमबाजीचं अप्रूप नाही, पण माझ्या मते ओरडणाऱ्या जमावात, पळत्या बिबट्याच्या मांडीवर डार्ट बसवणं हे त्यातलं अत्यंत अवघड काम आहे.

डार्ट लागल्यावर सुईच्या बाजूचं छिद्र झाकणारी सिलिकॉनची नळी मागे सरकते आणि मागच्या कप्प्यातली दाबलेली हवा औषध स्नायूत ढकलते. बिबट्यासाठी बहुधा केटामाइन आणि झायलाझिन एकत्र देतात. स्नायूतून रक्तात, रक्तातून मेंदूत जायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. चिडलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन उसळलेलं असतं, मग भूल आणखी उशिरा चढते किंवा अर्धवटच चढते. गर्दीचा आरडाओरडा थेट औषधाचा परिणाम कमी करतो, हे प्रत्येक गच्चीवरच्या माणसाला कळायला हवं. आणि ‘अजून एक मारा’ म्हणणाऱ्यांनाही : दुसऱ्या डार्टने मात्रा जास्त झाली, तर श्वास मंदावतो आणि शरीराचं तापमान आवरत नाही. झायलाझिनवर योहिम्बिन हा उतारा आहे, केटामाइनवर नाही. त्या औषधात डोळे उघडेच राहतात, म्हणून पशुवैद्यक डोळ्यांत मलम घालून पट्टी बांधतात.

उसाच्या फडात डार्ट जवळजवळ निरुपयोगी ठरतो. चार हातांपलीकडचं दिसत नाही, आणि लागलाच तर अर्धवट भुलीतला बिबट्या दाट उसात नाहीसा होतो. म्हणून तिथे पिंजरा लावतात. उघड्या विहिरीत पडलेल्या बिबट्याला तर पाण्यात असताना भूल देणं म्हणजे बुडवणंच. तिथे दोरांनी बाज, म्हणजे खाट, खाली सोडतात, तो तिच्यावर चढून बसला की मग पिंजरा उतरवतात, आणि बहुतेक वेळा तो आपणहून आत शिरतो.