दुखत नसलेला दात सुजला कसा?

“दुखत नव्हता हो दात, एक्स-रेत डाग दिसला म्हणून आरसीटी (रूट कॅनल, म्हणजे दाताच्या मुळातल्या नळीची सफाई) सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी गाल फुगला!” नाशिकच्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात हे गाऱ्हाणं ऐकायला मिळेल. पेशंटचा संशय डॉक्टरांच्या हातावर. तो कधी खराही असतो, पण बहुतेक वेळा खोडी जिवाणूंची असते. (रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड’ पाडून दाखवतात, तिचा इथे संबंध नाही. दातात अळी नसतेच.)

1965 साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी ठेवली. साध्या उंदरांची नस सडली. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढेत अन्न अडकूनही भोक आतून नव्या डेंटिनने (दाताच्या आतल्या कठीण थराने) बुजत गेलं. सडवतात ते जिवाणूच.

नस मेली की रक्तपुरवठा थांबतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकची गोळीही. आधी आलेले जिवाणू ऑक्सिजन संपवतात. मग फ्युझोबॅक्टेरियम, प्रीव्होटेला, पॉर्फिरोमोनास असे हवा नको असलेले जिवाणू जम बसवतात. ते प्रथिनं फोडून जगतात, म्हणून दात उघडल्यावर तो वास येतो. मुळाच्या टोकाशी शरीर त्यांना अडवून धरतं. त्या झटापटीत हाड विरघळतं, तोच एक्स-रेतला डाग. हा तह वर्षानुवर्षं टिकतो.

निफाडकडचा कांदा वरून टणक पण आतून सडलेला असला, तर दाबताच बुडातून घाण पाणी येतं. नळी खरवडणारी बारीक सुईसारखी फाइलही पंपाच्या दट्ट्यासारखी चालते. प्रत्येक फेरीला थोडा गाळ टोकापलीकडे सरकतो आणि त्यासोबत जिवाणूही. पांढऱ्या पेशी धावून येतात, द्रव साचतो, हाड काही ताणत नाही, दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. म्हणून आधी नळीचा वरचा भाग साफ करायचा, मग खाली उतरायचं. फाइल एक्स-रेतल्या टोकाच्या 0.5 ते 1 मिलिमीटर अलीकडे थांबवायची. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने वारंवार धुवायचं, पण ते सोडणारी सुई नळीत घट्ट रुतवायची नाही. लांबी मिलिमीटरभर जास्त धरली गेली तरी फाइल हाडात शिरू शकते. सफाई अर्धवट राहिली तर उरलेल्या जिवाणूंना प्रतिस्पर्धी कमी आणि झिरपणारं अन्न भरपूर.

दोन भेटींमध्ये भरतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पीएच साधारण 12.5, म्हणजे तीव्र अल्कली. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू पेशीत प्रोटॉन (आम्लाचे कण) ओढून घेऊन त्यातही तग धरतो. तो मुख्यतः जुन्या, फसलेल्या रूट कॅनलमध्ये सापडतो. ताज्या सुजेचं खापर त्याच्यावर फोडू नये.

वरचं तात्पुरतं सिमेंट किमान 3.5 मिलिमीटर जाड हवं. मिसळीतली शेव चावताना ते निघालं तर लाळेतून नवे जिवाणू आत जातात. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.

सूज आली की आधी दात उघडून साफ करायचा, पू काढायचा. अँटिबायोटिक ताप असेल किंवा सूज पसरत असेल तरच. बाहेरून गरम शेक नको. आणि जिभेखाली सूज, गिळायला त्रास, तोंड उघडेना, यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.