मत्स्य-सांख्यिकीचे नकाशांकन

मत्स्य-सांख्यिकीचे नकाशांकन : मासळी कोठे, केव्हा, कोणत्या जाळ्याने, किती व कोणत्या जातीची मिळाली याच्या नोंदी सांख्यिकीय संगणकभाषेत आज्ञावली लिहून नकाशावर मांडण्याची पद्धती. या कामी ‘आर’ ही भाषा विशेष रूढ आहे. कच्च्या नोंदीपासून छापील नकाशापर्यंतची प्रत्येक पायरी आज्ञावलीत लिहिलेली राहत असल्याने दुसऱ्या अभ्यासकाला ती तपासता येते व पुन्हा चालवता येते.

उगम : मासेमारीच्या नकाशांचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. ओ. टी. ओल्सेन यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्तर समुद्राचा मत्स्य-नकाशासंग्रह हा आरंभ मानण्याकडे काहींचा कल दिसतो. त्यात प्रत्येक जातीचा आढळ स्वतंत्र पानावर दाखवला आहे. मात्र तो आढळाचा नकाशा आहे, मोजमापाचा नव्हे. त्याआधी, १८५० च्या सुमारास, अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी देवमाशांच्या शिकारी जहाजांच्या नोंदवह्यांवरून नकाशे तयार केले होते. त्यांत समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडून शोधाचे दिवस आणि देवमासे दिसल्याचे दिवस वेगवेगळे नोंदवले होते. देवमासा हा मासा नव्हे, म्हणून हे नकाशे वगळावेत असा आक्षेप घेता येतो. परंतु किती मिळाले याच्या शेजारी किती शोधले हे मांडण्याची दृष्टी मॉरी यांच्याकडे होती आणि आजच्या पद्धतीचा कणा तोच आहे. त्यामुळे पद्धतीचा उगम त्यांच्याकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. सी. एच. टाउनसेंड यांनी १९३५ मध्ये पन्नास हजारांहून अधिक देवमाशांच्या शिकारीची स्थाने ठिपक्यांनी दाखवली. त्यांचे नकाशे अधिक तपशीलवार आहेत, पण शोधाचे दिवस त्यांत नाहीत. म्हणून ठिपके नसलेल्या जागी देवमासे नव्हते की जहाजे गेली नव्हती, हे त्यांवरून ठरवता येत नाही.

संगणकीय शाखेचे मूळ ‘एस’ या भाषेत आहे. तिचा विकास १९७६ पासून बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व सहकाऱ्यांनी केला. तिच्यासाठी रिचर्ड बेकर व ॲलन विल्क्स यांनी नकाशे काढण्याची सोय केली. १९९३ च्या सुमारास तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे तीच ‘मॅप्स’ या नावाने ‘आर’मध्ये आली. ‘आर’ ही रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात घडवली. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली.

सांख्यिकी चौकटी : ईशान्य अटलांटिकसाठी आंतरराष्ट्रीय समुद्र-अन्वेषण परिषदेची (स्थापना १९०२) चौकटपद्धती प्रमाण मानतात. चौकटींत आकडे भरलेले ब्रिटिश तक्ते पहिल्या महायुद्धाच्या आसपासचेही आढळतात. आजची संकेतपद्धती बहुधा १९७० च्या दशकातील असावी. प्रत्येक चौकट अर्धा अंश अक्षांश व एक अंश रेखांश एवढी असते. ३६° उत्तरेपासून वर जाणाऱ्या ओळींना ०१ पासून क्रमांक दिलेले आहेत, तर स्तंभांना ४४° पश्चिमेपासून अक्षर व अंक. उदा., ‘३७ एफ ३’ म्हणजे ५४° ते ५४°३०′ उत्तर आणि ३° ते ४° पूर्व.

संकेत वरकरणी सरळ दिसला तरी त्यात दोन अपवाद आहेत. ‘ए’ या अक्षराखाली दहाऐवजी चारच स्तंभ आहेत आणि ‘आय’ हे अक्षर वगळलेले आहे. आज्ञावलीत इंग्रजी वर्णमाला जशीच्या तशी घेतली, तर ३०° पूर्वेपलीकडच्या, म्हणजे बॅरेंट्स समुद्राच्या पूर्व भागातील, नोंदी दहा अंशांनी सरकतात. नकाशा तरीही नीटनेटका दिसतो, म्हणून ही चूक धोक्याची. शिवाय चौकटींचे क्षेत्रफळ सारखे नसते. ३६° पाशी ते सु. १,४५०, ६०° पाशी सु. ९०० आणि ७०° पाशी सु. ६१५ चौरस सागरी मैल भरते. साहजिकच प्रत्येक चौकटीतील टनांचा आकडा जसाच्या तसा रंगवला तर दक्षिणेकडचे समुद्र आहेत त्याहून समृद्ध भासतात. यावर उपाय म्हणजे क्षेत्रफळाने भागणे आणि समक्षेत्र प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना क्षेत्रांचे प्रमाण कायम राखणारी रीत, वापरणे. याउलट, क्षेत्रांचे प्रमाण न राखणाऱ्या मर्केटर प्रक्षेपणात ६० अंशांवरचे क्षेत्र विषुववृत्ताच्या तुलनेत चौपट दिसते.

नोंदींची शुद्धी : ५४°३०′ हे स्थान ५४.३० असे दशांशात वाचले गेले की ते १२ सागरी मैल दक्षिणेला जाते. रेखांशाचे ऋण चिन्ह गळाले तर पश्चिमेचे जहाज पूर्वेला, प्रसंगी जमिनीवर, दिसते. रिकाम्या रकान्यांत शून्य भरले गेल्यास सर्व नोंदी गिनीच्या आखातात गोळा होतात. किनारारेषेशी ताडून जमिनीवरचे बिंदू सहज सापडतात, परंतु समुद्रातल्या समुद्रात सरकलेला बिंदू सापडणे अवघड.

उपग्रहाद्वारे जहाजांची स्थाने साधारणतः दर दोन तासांनी कळतात. १० नॉट (तासाला १० सागरी मैल) वेगाने जाणारे जहाज तेवढ्यात २० सागरी मैल पुढे जाते. ट्रॉल (जहाजामागे ओढायचे पिशवीसारखे जाळे) ओढताना वेग बहुधा २ ते ४ नॉट असल्याने वेगावरून मासेमारीचे बिंदू वेगळे करतात, व नोंदवहीतील त्या दिवसाची पकड त्यांवर वाटून देतात. दोन बिंदूंमधला मार्ग सरळ रेषेने जोडण्याऐवजी दिशा व वेग लक्षात घेणारी वक्ररेषा २०१० मध्ये सुचवली गेली. वळणावळणाने ट्रॉल ओढणाऱ्या जहाजांसाठी ती सरस ठरते. गळ व स्थिर जाळी वापरणाऱ्यांना वेगाचा निकष नीट लागू पडत नाही.

शून्य व कोरी जागा : जाळे टाकून मासळी न मिळणे आणि जाळेच न टाकणे या दोन गोष्टी नकाशावर भिन्न दिसल्या पाहिजेत. पहिलीला मापनपट्टीवरील सर्वांत फिका रंग द्यावा, दुसरी कोरी सोडावी. दोन्हींना एकच रंग देणारे नकाशे आजही छापले जातात, आणि त्यांवरून क्षेत्र बंद करण्याचे वा खुले ठेवण्याचे निर्णय होत असतील तर ही बाब क्षुल्लक नाही. थोड्या चौकटींत प्रचंड व बाकीच्यांत अल्प पकड असल्यास लघुगणकी मापनपट्टी (१, १०, १०० अशा पटींनी चढणारी) घेतात. मात्र शून्याचा लघुगणक नसल्याने शून्य चौकटी तिथे नकळत गळतात व कोऱ्या दिसू लागतात.

साधने : ‘आर’ला जोडायच्या तयार आज्ञावली-संचांना पॅकेज म्हणतात. भौगोलिक माहिती हाताळणाऱ्या पॅकेजेसपैकी ‘एसएफ’ने जुन्या ‘एसपी’ची जागा बव्हंशी घेतली आहे. ‘मारमॅप’ (२०१३) समुद्राच्या खोलीची माहिती आणून देते, ‘मॅपप्लॉट्स’ चौकटी व वर्तुळालेख काढते, ‘व्हीएमएसटूल्स’ जहाजांच्या स्थानांवर काम करते. कॅनडातील नानाइमो येथील मत्स्य-संशोधन केंद्रातून ‘पीबीएस मॅपिंग’ आले. ‘आरजीडाल’सह काही जुनी पॅकेजेस २०२३ मध्ये निवृत्त झाल्याने त्यांवर बेतलेल्या आज्ञावल्या बदलून घ्याव्या लागतात.

गोपनीयता : एखाद्या चौकटीत एकदोनच जहाजे असतील तर आकड्यावरून मालक ओळखता येतो. म्हणून अमेरिकेत सामान्यतः तीनपेक्षा कमी जहाजांची माहिती प्रसिद्ध करत नाहीत. अशी झाकलेली चौकट कोरी न सोडता वेगळ्या खुणेने दाखवावी.