कानातले नाव, कागदावरचे स्पेलिंग

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी वाकते, 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. तिच्या पाठीत धपाटे बसतात, पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात. त्या घटकेला नाव म्हणजे फक्त आवाज असतो. त्याच घरात आठवडाभर आधी मात्र वेगळीच खडाजंगी झालेली असते: 'आराध्या'च्या सुरुवातीला 'ए' एक की दोन? 'श्रीया'त 'आय' की 'डबल ई'? शेवटी एक 'एच' जोडला तर? नाव आजीच्या पिढीतले, पण स्पेलिंग जगात दुसऱ्या कुणाचे नसावे, अशी आता पुष्कळ आईवडिलांची इच्छा असते. जुने लोक याला खूळ म्हणतात. पण मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा मागचा प्रवास पाहिला, तर 'सरळ' स्पेलिंग कधी होते का, हाच प्रश्न पडतो.

पूर्वी घोळ घातला जायचा तो पहिल्या अक्षराचा. जन्मनक्षत्रावरून नावाचे पहिले अक्षर ठरवणाऱ्या अवकहडा चक्रात 27 नक्षत्रे, प्रत्येकाचे 4 चरण आणि चरणागणिक एक, अशी 108 अक्षरे. अश्विनी नक्षत्र असेल तर चू, चे, चो, ला. हस्त असेल तर पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदा असेल तर दू, थ, झ, ञ. आता 'ण'ने किंवा 'ञ'ने सुरू होणारे नाव आणायचे कुठून? म्हणून पळवाटाही होत्या. ब आणि व एकच धरायचे, श आणि स एकच धरायचे. नाहीतर रासनाव पत्रिकेत ठेवून हाक मारायला दुसरे नाव घ्यायचे. नामकरणाच्या विधीत ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नावे लिहितात. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातले नाव. एका बाळाला चार नावे चालत होती, पण एका नावाची चार रूपे हा चिंतेचा विषय नव्हता. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलाच जात नसे. जुन्या कागदांत 'सिवाजी' असे लिहिलेले सापडते, आणि त्यावरून कुणाचे काही अडले नाही.

अडायला लागले ते नाव रोमन अक्षरांत गेल्यावर. आपल्याकडे हे सगळ्यांत आधी गोव्यात झाले. पोर्तुगीज भाषेत 'एक्स'चा उच्चार बऱ्याचदा 'श' होतो, म्हणून शांताराम, शंकर, विष्णू यांच्या नावांत 'एक्स' आला. 'के' हे अक्षर त्या भाषेत जवळजवळ वापरातच नव्हते, म्हणून नाईकाच्या शेवटी 'क्यू-यू-ई' लागले. कामतांचे 'कामोतीम' झाले, प्रभूंचे 'पोरोबो', शेणव्यांचे 'सिनाय'. हे पोर्तुगीज कारकुनाने आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत लिहिले होते, त्याच्या दृष्टीने ते अगदी नियमाला धरून होते. 1961 नंतर पुष्कळांनी इंग्रजी वळणाची स्पेलिंगे घेतली, काहींनी जुनीच ठेवली. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी 1990 साली स्वतंत्र कायदाच झाला. आज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांची जन्मनोंद शोधणाऱ्या नातवाला ती 'एस-एच'खाली मिळत नाही, 'एक्स'खाली शोधावी लागते.

इंग्रजांच्या मुलखात दोन पद्धतींची झटापट झाली. एक गिलख्रिस्टची. जॉन गिलख्रिस्ट 1800 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना हिंदुस्तानी शिकवीत असे. त्याच्या वळणात 'अ'साठी 'यू', 'ई'साठी 'डबल ई', 'ऊ'साठी 'डबल ओ'. जुने 'पूना' तसल्याच वळणाचे. जगन्नाथ शंकरशेट यांच्या आडनावात 'शं'च्या जागी 'एस-यू-एन' दिसते, तेही तसेच. जमशेटजी जिजीभाईंच्या नावात इतके 'डबल ई' का, याचे उत्तरही इथेच आहे. त्यांच्या बाबतीत तर बॅरोनेट ही पदवी वारशाने ज्याला मिळेल त्याने जमशेटजी जिजीभाई हेच नाव घ्यावे, असा कायदा झाला. एका माणसाचे नाव वंशजांना गणवेशासारखे चढवले गेले, ते स्पेलिंगसकट.

दुसरी पद्धत कलकत्त्याचा न्यायाधीश आणि संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याची. त्याने 1788 साली छापलेल्या निबंधात स्वरांना इटालियन वळणाने लिहायचे ठरवले, म्हणजे 'अ'ला 'ए', 'इ'ला 'आय', 'उ'ला 'यू'. पुढे विल्यम हंटरने ही पद्धत सरकारी कामासाठी सोपी केली आणि 1872 मध्ये हिंदुस्थान सरकारने ती स्वीकारली. आज आपण ज्याला 'नेहमीचे स्पेलिंग' म्हणतो ते बहुतेक याच हंटरचे. तेव्हा ते नवे होते आणि जुन्या वळणाच्या लोकांना तेही विचित्रच वाटले असणार. प्रसिद्ध गावांना त्यातून सूट मिळाली. म्हणून पूना, बॉम्बे पुढे शंभर वर्षे तसेच राहिले.

हंटरच्या पद्धतीत मराठीची खरी गोची दोन अक्षरांत झाली. पहिले 'ऋ'. उत्तरेकडे त्याचा उच्चार 'रि', आपल्याकडे 'रु'. सरकारी लिप्यंतरात 'रि' बसला. त्यामुळे नदी 'क्रिष्णा' लिहिली गेली, आणि मराठी तोंडातली 'क्रुष्णा' चुकीची ठरली. अमृता, ऋतुजा, मृणाल, वृषाली ही नावे त्या दिवसापासून दोन घरांत विभागली. क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड 'आर-यू' लिहितो, आणि बाहेरच्या समालोचकाला ते नवलाचे वाटू शकते. पुण्यात ते सर्वांत सरळ स्पेलिंग आहे. 'यू' लिहिणारी अमृता फॅशन करत नसते, आईने मारलेली हाक जशीच्या तशी लिहीत असते.

दुसरे अक्षर 'ज्ञ'. संस्कृतचे अभ्यासक 'जे-एन' लिहितात, हिंदीवाले 'जी-वाय', आणि आपण 'डी-एन-वाय'. हे 'डी-एन-वाय' दिसायला अडगळीचे असले तरी नवे मुळीच नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1842 साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' काढला, पुण्यात 1849 पासून 'ज्ञानप्रकाश' निघाला. त्यांच्या इंग्रजी नावांत 'डी-एन-वाय'च दिसते. आपल्या ज्ञानेश्वरांना, प्रज्ञांना आणि ज्ञानदांना तेच मिळाले. बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला राहणारी मराठी मंडळी आता मुलीचे नाव प्रज्ञा ठेवताना कचरतात. कारण वर्गात तिला 'प्रॅड-निया' म्हणतील. मग 'जी-वाय' घातले तर आजी म्हणते, ही तर प्रग्या झाली! दोन्हीकडचे बरोबर आहे. माझे विचाराल तर 'डी-एन-वाय' ठेवावे आणि वर्गाला शिकू द्यावे. अडचणीच्या नावांपुढे जीभ वळवायला लोक शिकतात; पोलंडच्या खेळाडूंची नावे आपले वार्ताहर घेतातच की.

'डबल ए'चीही गोष्ट अशीच. अभ्यासकांच्या लेखनात 'आ'च्या डोक्यावर आडवी रेघ असते. टाइपरायटरवर ती रेघ नव्हती, म्हणून 'अ' आणि 'आ' दोन्ही एका 'ए'त कोंबले गेले. कमल की कमाल, हे स्पेलिंगवरून कळेना. ळ आणि ल, ण आणि न यांचेही तेच. काळे आणि काले इंग्रजीत एकाच घरचे. तेव्हा आरव किंवा आर्या यांना दोन 'ए' देणारे आईबाप, नकळत का होईना, टाइपरायटरने खाल्लेली मात्रा परत आणतात. रियाच्या शेवटी दुसरा 'ए' लावणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी, तिच्याकडे येतोच.

त्याआधी देवनागरी. तिथेही सगळे शिळेवर कोरलेले नव्हते. सावरकरांच्या लिपीसुधारणेच्या काळात 'अुषा', 'अिंदिरा' अशी नावे छापून येत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी व्यक्तिनामांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. हरि, रवि, विष्णु या सह्या ज्यांच्या हाताला बसल्या होत्या त्यांनी त्या तशाच ठेवल्या, पाठ्यपुस्तकांत हरी, रवी, विष्णू आले. सध्या उलटी वाहतूक जास्त दिसते. इंग्रजीतले स्पेलिंग वाचून नाव पुन्हा मराठीत येते: ऋद्धीची रिद्धी होते, शाळेच्या हजेरीत अमृताची 'अम्रिता' होते. मुलग्याचे कृष्ण हे नाव कागदावर 'कृष्णा' होते, हे सगळेच मात्र इंग्रजीवर ढकलता येत नाही. खेड्यात हाकेमुळे रामा, कृष्णा आधीपासून होतेच.

आणि काही स्पेलिंगे निव्वळ आवडीची. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आडनावाचे इंग्रजी रूप कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरेच्या आडनावासारखे घेतले, कारण तो लेखक त्यांना आवडे, असे सांगितले जाते. गंमत म्हणजे तो थॅकरेही 1811 साली कलकत्त्यात जन्मलेला.

आता रियाचा दुसरा 'ए'. तो येतो अंकशास्त्रातून, आणि त्या शास्त्राचा आपल्याकडचा मोठा आधार म्हणजे कीरो. विल्यम जॉन वॉर्नर या आयरिश माणसाचे (1866–1936) हे टोपणनाव. हस्तरेषा आणि अंक यांवरची त्याची पुस्तके आजही फुटपाथवर मिळतात. आपण तरुणपणी मुंबईला उतरलो, एका चित्पावनाने आपल्याला कोकणात नेले आणि तिथे एक प्राचीन ग्रंथ पाहायला मिळाला, असा त्याचा स्वतःचा दावा होता. कोकणात त्याला काय दिसले कोण जाणे. अंकांचा तक्ता मात्र पूर्ण इंग्रजी वर्णमालेचा आहे. त्यात 'ए', 'आय', 'वाय' यांना 1, 'आर'ला 2, 'एच'ला 5, 'डब्ल्यू'ला 6. साध्या रियाच्या अक्षरांची बेरीज 5, दुसरा 'ए' जोडला की 6. दुसऱ्या, पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या तक्त्यात 'एच'ला 8 आहेत. म्हणजे शेवटी 'एच' लावून भाग्य उघडते की बंद होते, ते ज्योतिष्याच्या भिंतीवर कुठला तक्ता टांगला आहे त्यावर ठरते.

अंकासाठी नाव वळवण्याची युक्ती मुळात आपल्याकडेही होती. कर्नाटक संगीतातल्या 72 मेळकर्ता, म्हणजे मूळ, रागांची नावे कटपयादी या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीने आपापला क्रमांक सांगतात. शंकराभरणाचा क्रमांक 29 यावा म्हणून त्या नावाआधी 'धीर' लावले आणि कल्याणीला 65 मिळावेत म्हणून ती 'मेचकल्याणी' झाली. पण कटपयादीत आकडा फक्त व्यंजनाला. काना-मात्रेला किंमत नाही. तिथे रियाला आणखी एक 'आ' लावून काहीही हाती लागले नसते.

पडद्यावरच्या लोकांनी या प्रकाराला चटक लावली, हे खरे. अजय देवगणने आडनावातला एक 'ए' गाळला, रितेश देशमुखच्या नावात जादा 'आय' आहे, स्वप्नील जोशी दोन 'डब्ल्यू' लिहितो. कारणे एकच असतील असे नाही. इरफान खानने दुसरा 'आर' घेतला तो नावाचा नाद आवडला म्हणून, असे तो सांगे.

नटाचे स्पेलिंग श्रेयनामावलीत बदलले की काम झाले. बाळाचे तसे नसते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नावाशिवाय जन्म नोंदता येतो आणि पहिल्या 12 महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येते. पूर्वी खरे स्पेलिंग ठरायचे ते शाळेत. हेडमास्तर किंवा कारकून लिहील ते दहावीच्या प्रमाणपत्रावर जायचे आणि माणूस जन्मभर तसाच सही करायचा. 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार दिले गेले आणि नाव संगणकात दोन लिप्यांत समोरासमोर आले. पॅनशी ते जुळेना, तेव्हा घरोघरी लोकांना कळले की आपल्याला दोन-तीन स्पेलिंगे आहेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यामुळे स्पेलिंगची खरी बैठक आता बारशाआधी, पालिकेचा अर्ज भरताना होते.

शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही आले: मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. आईचे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग असते, आधारवर दुसरे, आणि लग्नात तांदळात लिहिलेले नवे नाव तर निराळेच. बाळासाठी दोन 'ए' घ्यायचे की तीन, ते नंतर. अर्जावर आधी आईचे कुठले लिहायचे ते ठरवावे लागते.